सहीचा अधिकार

बोअर क्रमांक सात. होफूफच्या पश्चिमेला,
जिथे मुलींची शाळा उभी राहायचीय.
अकरा मीटर चाळीसला रॉड एकदम खाली गेला,
अंधारात शेवटची पायरी संपली असं वाटावं
आणि ती नसावीच, तसा.
सव्वा मीटर काहीच लागलं नाही.
सोडलेलं पाणी परत वर आलं नाही.
ड्रिलर शौकतनं मशीन थांबवलं,
घाम पुसत त्याच्या हिंदीत म्हणाला,
खाली कुणीतरी राहतं.

मी लिहिलं: पोकळी, ११.४० ते १२.६५.
वर चुनखडी, पिवळट, भेगाळलेली.
खाली तीच.
तक्त्याच्या तळाशी तीन ओळी छापलेल्या असतात:
नोंद करणार, तपासणार, मंजूर करणार.
पहिली माझी.
उरलेल्या दोन येतील, कार्ड आलं की.

कार्डासाठी पेशा निवडायचा होता.
यादीत स्थापत्य होतं, विद्युत होतं,
लिफ्टवालासुद्धा होता,
दगड वाचणारा नव्हता.
काउंटरवरचा मुलगा अगदी सौजन्यानं म्हणाला,
तुमची पदवी विज्ञानाची, मग तुम्ही इंजिनिअर कसे?
मी म्हटलं, तुम्ही बसलात ती इमारत ज्याच्यावर उभी आहे ना...
त्यानं पुढचा टोकन नंबर पुकारला.

पदवीच्या पाठीवर आता शिक्क्यांचे थर आहेत.
सगळ्यात जुना सगळ्यात खाली,
निसर्गाचा तेवढा नियम कचेऱ्यांनीही पाळलाय.
विद्यापीठाचा जांभळा, त्यावर मुंबईचा निळा,
मग अकरा महिन्यांचा खंड
(या काळात काहीही साचल्याचा पुरावा नाही)
आणि त्यावर तिरका, दिल्लीचा हिरवा.
अनुभवाचं पत्र मिळत नाही.
घाटातल्या बोगद्यात दोन वर्षं काढली ज्यांच्यासाठी
ती कंपनी बुडाली.
अनुभव तेवढा माझ्याकडे राहिला, बिनशिक्क्याचा.

बुधवारी मालकाकडचा मॅनेजर आला.
चहा घेतला, मुलांची चौकशी केली,
मग तक्त्यावर पेनाचं टोक ठेवून म्हणाला,
हे 'पोकळी' जरा भडक वाटतं.
'मऊ थर' चालेल ना?
नाही चालणार, मी म्हटलं.
तो हसला. तुझी सही कुठे लागते इथे?

खरंच होतं.
सही नाकारायलाही
आधी सहीचा अधिकार लागतो.

वाएल साहेब दम्मामला बसतात.
मूळचे अस्यूतचे, दोन्ही गुडघे गेलेले,
अकरा प्रकल्पांवर त्यांचा शिक्का चालतो.
खडकाशी त्यांची भेट बहुधा कागदावरच.
त्यांना मी फोटो पाठवला, सोबत एकच आकडा.
रात्रभर उत्तर नाही.
मनात म्हटलं, झालं, मऊ थर.

गुरुवारी दुपारी दीडशे किलोमीटर गाडी हाकत ते आले.
कोअरची पेटी उघडायला लावली.
रिकाम्या जागी मी लाकडी ठोकळा ठेवला होता, सव्वा मीटरचा.
त्यावर बोट फिरवत राहिले, जणू तो दगडच.
मग टेपला नट बांधून स्वतः भोकात सोडला,
आणि पोकळीच्या तळाशी, फार खालून, टक्क आवाज आला.
मॅनेजरकडे वळून अरबीत काहीतरी बोलले,
मला त्यातलं फक्त 'ला' कळलं.
शिक्का खिशातच राहिला.
मला म्हणाले, आणखी तीन बोअर घाल, चारही बाजूंनी.
तीन आणि चार, मी म्हटलं.
चार घाल मग.
गाडीत बसता बसता विचारलं,
कार्डाचं काय झालं तुझ्या?
येईल, मी म्हटलं.
लवकर आण. मी काय जन्मभर येणार आहे?

रात्री मोबाइलवर निरोप आला:
अर्ज परत. नावात तफावत.
पासपोर्टवर केळुसकर एका 'यू'चा,
पदवीवर दोन 'ओ'चा.
यशोधन दोन्हीकडे बरोबर आहे, हे त्यांनी लिहिलं नाही.

सकाळी सहा. बोअर क्रमांक आठ.
शौकतनं आधी जमिनीवर दोनदा टाच आपटली,
मग मशीन सुरू केलं.
शून्य ते एक मीटर: वाळू, बारीक, कोरडी.
नोंद करणार: